दिव्याचा स्विच बसवताना आधी फेज ओळखा

खोलीचा एमसीबी (मीटरजवळच्या पेटीतला, वीज तोडणारा खटका) खाली करावा आणि कोणी तो मध्येच वर करू नये म्हणून शेजारी चिठ्ठी चिकटवावी. टेस्टर आधी चालू सॉकेटवर पेटवून पाहावा आणि मगच स्विचच्या टर्मिनलांना लावावा, कारण बिघडलेला टेस्टरसुद्धा पेटत नाहीच. जुना स्विच काढणे तसे सोपेच आहे.

खरी मेख पुढे आहे. साध्या स्विचला दोनच वायरी येतात आणि त्या कशाही जोडल्या तरी दिवा लागतो, त्यामुळे ‘दिवा लागला की काम झाले’ असे सर्रास सांगितले जाते. हा सल्ला मला साफ अमान्य आहे. स्विचने फेज, म्हणजे वीज घेऊन येणारी वायर, तोडली पाहिजे; न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, नव्हे. न्यूट्रल तोडली तरी दिवा विझतो, पण होल्डरमध्ये वीज तशीच खेळत राहते आणि स्विच बंद आहे या भरवशावर दिवा बदलायला गेलेल्या माणसाला झटका बसू शकतो.

वायरीच्या रंगावर तर मुळीच विसंबू नये. हाताशी असेल ती वायर ओढून मोकळे होणारे कारागीर काही कमी नाहीत. वीज बंद असतानाच दोन्ही उघडी टोके एकमेकांपासून लांब वाकवावीत, मग एमसीबी वर करून टेस्टर लावावा. एका टोकाला तो पेटला म्हणून हुरळून जाऊ नये, कारण स्विच न्यूट्रलवर असला तरी दिव्यातून फिरून आलेली फेज टेस्टर पेटवतेच. पुन्हा वीज बंद करून होल्डरमधला दिवा काढावा आणि हीच तपासणी परत करावी. टेस्टर पूर्वीसारखाच लख्ख पेटला, तर फेज थेट स्विचपर्यंत आलेली आहे. पेटला नाही, तर ती दिव्यातून येत होती; हा दोष स्विचच्या टर्मिनलांवर वायरींची अदलाबदल करून जात नाही, त्यासाठी इलेक्ट्रिशियनच बोलवावा.

खात्री पटल्यावर एमसीबी खाली करून, टेस्टरने पुन्हा पाहून, प्रत्येक टोक टर्मिनलच्या खोलीइतकेच सोलावे, तारा घट्ट पिळाव्यात आणि स्क्रू आवळावा. आवरण स्क्रूखाली दबता कामा नये, तांबे बाहेर दिसता कामा नये, आणि वायर ओढून पाहिल्यावर ती जागची हलता कामा नये. मग स्विच बोर्डात आणि दिवा होल्डरमध्ये बसवून वीज चालू करावी. बटण दाबताना चरचर ऐकू आली, तर वीज बंद करून आधी स्क्रू तपासावेत.