जुना पितळी मायक्रोस्कोप घरी आलाय? आधी या चुका टाळा

कोल्हापुरात जुना पितळी मायक्रोस्कोप हाती येण्याच्या वाटा साधारण ठरलेल्या आहेत. आजोबा डॉक्टर होते, दवाखाना बंद झाला आणि माळ्यावरून लाकडी पेटी खाली आली. नाहीतर एखाद्या कॉलेजच्या डेड स्टॉकमधून निर्लेखन होऊन लिलावात निघाला. नाहीतर लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारात जुन्या इस्त्र्या आणि तराजूंच्या गर्दीत दिसला. कुठूनही येवो, त्याचं सगळ्यात जास्त नुकसान घरी आल्यावरच्या पहिल्या आठवड्यात होतं. कुणी वाईट हेतूने करत नाही. स्वच्छ करावा, चालू करून बघावा, मुलांना दाखवावा, एवढंच मनात असतं. पण हे उपकरण आतून फार नाजूक आहे आणि त्याचे काही भाग एकदा गेले की परत मिळत नाहीत. म्हणून हात लावण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, पेटीतल्या कोणत्या खाचेत काय बसलंय ते लिहून ठेवा, आणि मग पुढचं वाचा.

सगळ्यात मोठी चूक पॉलिशची. जुन्या मायक्रोस्कोपचं पितळ उघडं नसतं. त्यावर कारखान्यातच लाखेचा पातळ, सोनेरी झाक असलेला थर दिलेला असतो. वर्षानुवर्षं हात लागून तो जागोजागी जातो, तिथे तपकिरी-काळे डाग पडतात, आणि घरात कुणीतरी म्हणतं, चिंच-मीठ लावून लख्ख करूया. चिंच, लिंबू, भांडी उजळायची पावडर, ट्यूबमधली पेस्ट, यांतलं काहीही लावलं की उरलेली लाख निघते. दोन-चार दिवस झळाळी राहते. मग उघडं पितळ आपल्या पावसाळी हवेत काळवंडतं, पुन्हा घासावं लागतं, आणि दर घासण्यात कोरीव अक्षरं पुसट होत जातात. बनवणाऱ्याचं नाव, गाव आणि अनुक्रमांक त्या अक्षरांतच असतो. 'ई. लाइट्झ, वेट्झलार' किंवा 'कार्ल झाइस, येना' या नावाबरोबरचा नंबर शाबूत असेल तर उपकरण अंदाजे कोणत्या सालचं ते काढता येतं. नंबर गेला तर तो रस्ता बंद.

बफिंगला तर देऊच नका. बफचं चाक धारदार कडा गोल करतं, स्क्रूच्या बारीक खाचा भरून टाकतं, आणि त्याचा मेणचट मसाला रॅकच्या, म्हणजे नळी वर-खाली करणाऱ्या दातेरी पट्टीच्या, दातांत जाऊन बसतो.

स्पिरिटचा बोळाही तितकाच घातक आहे. सुतार फर्निचरला चपड्याचं पॉलिश करतो तेव्हा चपडा, म्हणजे लाखच, स्पिरिटमध्ये विरघळवतो. तेच स्पिरिट किंवा सॅनिटायझर पितळावर फिरवलं की शंभर वर्षांपूर्वीची लाख कापसावर येते. मऊ सुती कापड पाण्यात बुडवून घट्ट पिळा, हवं तर सौम्य साबणाचा एखादा थेंब घ्या, पुसा आणि लगेच कोरडं करा. बस. डाग राहू द्या. माझ्या मते डागांसकट असलेला मूळ थर हा नव्या चकाकीपेक्षा कितीतरी मोलाचा आहे, आणि जाणकार गिऱ्हाईकही तोच शोधतं. स्लाइड ठेवायचं स्टेज काळ्या एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, असेल तर त्याला गरम पाणी, स्पिरिट आणि ऊन तिन्ही वर्ज्य.

आता उचलण्याबद्दल. नालेच्या आकाराचा जड पाय आणि खांबाच्या डोक्यावर बारीक फोकसची चकती, अशी रचना असेल तर नळी ज्या दांड्यावर आहे त्याला धरून कधीही उचलू नका. या जुन्या युरोपीय स्टँडमध्ये वरचा सगळा भाग एका तिकोनी दांडीवर आणि स्प्रिंगवर तोललेला असतो. वरून उचललं की खालच्या पायाचं सगळं वजन त्या नाजूक जोडाला लोंबकळतं. स्टेजच्या खालचा खांब एका हातात धरायचा, दुसरा हात पायाखाली. हाताने धरायची मजबूत मूठ असलेले स्टँड नंतर आले.

नॉब फिरत नसेल तर जोर लावू नका. जुनं ग्रीस वाळून डिंकासारखं घट्ट होतं, पितळाशी संयोग होऊन हिरवंही पडतं. पक्कड लावली की पिनियनचे, म्हणजे रॅकमध्ये अडकणाऱ्या छोट्या चाकाचे, दात मोडतात, आणि तसे दात आज तयार मिळत नाहीत. हेअर ड्रायरची कोमट हवा द्या, फटीत काडीच्या टोकाने रॉकेलचा किंवा व्हाइट स्पिरिटचा (म्हणजे रंगात घालायचं मिनरल टर्पेन्टाइन, वर सांगितलेलं स्पिरिट नव्हे) थेंब सोडा, रात्रभर थांबा, मग अगदी थोडं मागे-पुढे. गरज पडली तर हेच दोन-तीन दिवस करत राहा. लाख लावलेल्या भागावर थेंब ओघळू देऊ नका. सुटल्यावर जुनं ग्रीस पूर्ण पुसून नवं घट्टसर ग्रीस अगदी पातळ लावा. शिलाई मशीनचं तेल घातलं की नॉब मस्त हलका फिरतो, पण नळी स्वतःच्या वजनाने खाली घसरते आणि ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे नळीच्या खालच्या टोकाचा भिंगांचा संच, स्लाइडवर आपटतो. नळी आधीच घसरत असेल तर आधी दोन्ही बाजूंचे मोठे नॉब हातात धरून एकमेकांच्या उलट दिशेने हलकेच पिळून बघा. बऱ्याच स्टँडवर घट्टपणा तसाच वाढतो.

बारीक फोकसला ठरावीकच प्रवास असतो. टोकाला जाऊन अडलाय, हे न कळून लोक पिळत राहतात. काम सुरू करण्याआधी तो मध्यावर आणून ठेवावा.

उद्यमनगरचा मोह आपल्याकडे विशेष. लेथवर बसलेला माणूस आपुलकीनेच म्हणतो, "काका, आटे गेल्यात, नवीन पाडून देतो की." थांबा. ऑब्जेक्टिव्हचे आटे बहुधा लंडनच्या रॉयल मायक्रोस्कोपिकल सोसायटीने ठरवून दिलेल्या मापाचे असतात: व्यास ०.८ इंच, म्हणजे २०.३२ मिलिमीटर, इंचाला ३६ आटे, कोन ५५ अंशांचा. मेट्रिक आटे पाडले की ते तोंड कायमचं वेगळं होतं. ते माप जपलं तर मोठा फायदा आहे, कारण हेच माप आजही चालतं. हरवलेल्या ऑब्जेक्टिव्हच्या जागी १६० मिलिमीटर नळीसाठीचा नवा, अंबाल्याकडचा साधा ऑब्जेक्टिव्हसुद्धा बसतो. आटे 'गेलेले' वाटतात तेव्हा बहुतेक वेळा ते तिरके चढवलेले असतात. आधी उलट दिशेने फिरवा, टक् असा हलका आवाज आला की सुलट चढवा.

काचांकडे वळू. इथे मी सगळ्यात जास्त काळजी घ्यायला सांगेन. ऑब्जेक्टिव्ह उघडायचा नाही. आतली भिंगं ठरलेल्या अंतरावर, नेमकी एका रेषेत बसवलेली असतात, काही एकमेकांना कॅनडा बाल्सम या पारदर्शक डिंकाने चिकटवलेली असतात. १/१२ इंचाच्या (या आकड्याचा अर्थ पुढे येतो) ऑब्जेक्टिव्हचं पुढचं भिंग तर हरभऱ्याच्या डाळीहूनही लहान. खाली पडलं तर फरशीच्या फटीत सापडणार नाही. बाहेरची बाजू तपासायला आयपीस, म्हणजे डोळा लावायचा वरचा भाग, काढून उलटा धरा, तो उत्तम भिंगाचं काम करतो. त्यातून ऑब्जेक्टिव्हच्या टोकाकडे खिडकीच्या उजेडात बघा. धूळ असेल तर रबरी फुंकणीने उडवा, मग मऊ ब्रश, मग तोंडाची वाफ सोडून लेन्स पेपर. शर्टाचं टोक नको. जास्त पॉवरच्या ऑब्जेक्टिव्हला लावायचं सीडरवुड तेल वाळून चिकटलेलं असेल तर लेन्स पेपरवर एक-दोन थेंब झायलीन किंवा लायटरचं पेट्रोल घेऊन झटकन पुसा, खिडकी उघडी ठेवून आणि जवळपास काहीही पेटतं नसताना. बुडवून ठेवू नका, बाल्सम सुटतं. काठाकडून चांदीसारखे किंवा पिवळसर चट्टे आत सरकलेले दिसले तर ते बाल्सम उकललेलं आहे. पुसून ते जात नाही. दूध सांडल्यासारखा एकसारखा धूसरपणा असेल तर काचच झिजलेली असू शकते. १८८६ साली आलेल्या झाइसच्या पहिल्या अपोक्रोमॅट (रंगदोष फार कमी केलेल्या) ऑब्जेक्टिव्हमधल्या काही काचा दमट हवेत टिकल्या नाहीत.

आयपीस मात्र उघडून पुसता येतो, पण जोडताना हमखास घोळ होतो. जुना आयपीस बहुधा हायगन्स प्रकारचा असतो: दोन भिंगं, दोन्हींची एक बाजू सपाट, एक फुगीर. दोन्ही सपाट बाजू डोळ्याकडे यायला हव्यात. एक जरी उलटं बसलं तरी कडेचं चित्र वाकडं आणि रंगीत दिसतं.

"काहीच दिसत नाही" ही तक्रार बहुतेक वेळा आरशाची असते. आरशाला दोन बाजू: कंडेन्सर (स्टेजखाली उजेड एकवटणारं भिंग) असेल तर सपाट बाजू, नसेल तर खोलगट. सूर्याकडे आरसा करू नका, डोळा जाईल. उत्तरेच्या खिडकीचा उजेड किंवा एलईडी दिव्यापुढे ट्रेसिंग पेपर, दोन्ही चांगले. आरशाची कल्हई गेली असेल तर खरवडू नका. आरसेवाल्याकडून त्याच मापाची पातळ चकती कापून घ्या आणि मूळ आरसा पेटीत ठेवा.

चित्र दिसतंय पण डाग दिसतात? आयपीस बोटांनी फिरवा. डाग फिरले तर घाण आयपीसवर आहे. स्लाइड सरकवल्यावर सरकले तर स्लाइडवर. कंडेन्सर खाली-वर केल्यावर विरले तर कंडेन्सरवर. कशानेच हलले नाहीत तर ऑब्जेक्टिव्ह. एवढी चाचणी केली तर नको त्या काचेला हात लागत नाही.

कमी पॉवरला स्वच्छ आणि जास्त पॉवरला धूसर असेल तर आधी स्लाइड उलटी नाही ना बघा. कव्हरस्लिप, म्हणजे नमुन्यावरची पातळ काच, वर हवी आणि ती ०.१७ मिलिमीटरच्या आसपासची हवी. मग नळीची लांबी. ओढायच्या आतल्या नळीवर मिलिमीटरच्या रेघा असतात. झाइसचे आणि इतर बहुतेकांचे ऑब्जेक्टिव्ह १६०साठी, जुन्या लाइट्झचे १७०साठी, जुन्या इंग्लिश लांब नळीचे २५०साठी. फिरता नोजपीस (दोन-तीन ऑब्जेक्टिव्ह बसवायची फिरती चकती) असेल तर त्याची जाडी, साधारण १५ ते १८ मिलिमीटर, बऱ्याच स्टँडवर त्यातून वजा करावी लागते. लोक ही नळी दुर्बिणीसारखी ओढत बसतात आणि काचांना दोष देतात.

फोकस करताना नळी नेहमी वर नेत फोकस करा. बाजूने बघत ऑब्जेक्टिव्ह स्लाइडच्या अगदी जवळ आणा, मग आयपीसला डोळा लावून वर. १/६ इंचाला अर्धा मिलिमीटर जागा असते, १/१२ला त्याहून कितीतरी कमी, आणि आजच्यासारखी स्प्रिंग या जुन्या ऑब्जेक्टिव्हमध्ये सहसा नसते.

ते अपूर्णांक पाहून 'किरकोळ पार्ट' समजून ऑब्जेक्टिव्ह टाकून दिल्याचं मी पाहिलंय. तो आकडा नाभीय अंतराचा आहे. १६० मिलिमीटरच्या नळीवर २/३ इंच म्हणजे साधारण १०पट, १/६ म्हणजे ४०पट, १/१२ म्हणजे ८० ते १००पट, तेल लावून वापरायचा. उलट बाजारात 'लंडन' असं ठसठशीत कोरलेला, नवाकोरा पिवळाधमक, आणि आत एकच साधं भिंग असलेला मायक्रोस्कोप दिसला तर तो शोभेचा आहे. नॉब फिरवून बघा, बारीक फोकस नसतोच.

पेटीतल्या बारीकसारीक वस्तू वेगळ्या विकू नका, टाकूही नका. ऑब्जेक्टिव्हच्या पितळी डब्या, चिमट्याची दांडी, स्टँडवरचं मोठं भिंग, चित्र काढायचा कॅमेरा ल्युसिडा, मोजपट्टी कोरलेली काच, पेटीची किल्ली: संच पूर्ण असण्याला फार किंमत आहे. जुन्या तयार स्लाइड आडव्या ठेवा, उभ्या ठेवल्या की बाल्सम हळूहळू ओघळतं. त्यांच्यावरच्या शाईच्या चिठ्ठ्यांना पाणी लावू नका.

राहिला पावसाळा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे बंद पेटी ठेवणं म्हणजे बुरशीला घर देणं. लाकूड आणि मखमल दोन्ही ओल धरतात. त्या चार महिन्यांत स्टँड काचेच्या कपाटात, ऑब्जेक्टिव्ह आणि आयपीस हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर सुकवून घ्या. नळी उघडी ठेवू नका, आयपीस नसेल तर टोपण लावा. आणि पेटी तळमजल्यावर, कॉटखाली नको. २०१९ आणि २०२१ला पंचगंगेचं पाणी कुठवर आलं ते आपण पाहिलंय. चुकून पुराचं पाणी लागलंच तर गाळ वाळायच्या आत स्वच्छ पाण्याने धुवा, सावलीत पंख्याखाली सुकवा, आणि ऑब्जेक्टिव्ह तसेच न उघडता भिंगांचं काम जाणणाऱ्याकडे न्या.