इंग्रजी मेलमधल्या या चुका टाळा, नाहीतर मॅनेजरला दोनदा आंघोळ घालाल

सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात एक्सपोर्टचे मेल लिहायचं काम माझ्याकडं आहे, आणि नवीन असताना मी एका बायरला लिहून बसलो, 'आफ्टर वॉशिंग ट्वाइस, अवर मॅनेजर चेक्ड द टॉवेल'. मला म्हणायचं होतं टॉवेल दोनदा धुतला, मग साहेबांनी बघितला. वाचणाऱ्याला कळलं की साहेब दोनदा अंग धुऊन आले. पाहिजे होतं 'अवर मॅनेजर चेक्ड द टॉवेल आफ्टर इट वॉज वॉश्ड ट्वाइस'.

आता ही चूक येती कुठनं, तर आपल्या मराठीतनंच. 'सात रस्ता चौकातनं येताना पाऊस लागला' असं आपण बिनधास्त बोलतो, येणारा मी, लागला पाऊस, तरी कुणी अडत नाही, कारण आपलं 'ताना' दोन वेगळे कर्ते चालवून घेतं. इंग्रजीत वाक्याच्या सुरुवातीचं 'इंग' कॉमानंतर जो पहिला कर्ता दिसेल त्याच्याच गळ्यात पडतं. 'कमिंग फ्रॉम सात रस्ता, द रेन स्टार्टेड' म्हणजे पाऊसच तिकडनं चालत आला की ओ!

मी काय करतो, 'इंग'ला 'ताना'च्या जागी 'ऊन' लावून वाचतो. 'ईटिंग कडक भाकरी, द एसटी लेफ्ट' म्हणजे 'कडक भाकरी खाऊन एसटी सुटली'. हसू आलं की वाक्य गंडलंय. दरवेळी चालत नाही ही ट्रिक ('त्याला जाऊन वर्ष झालं' हे बरोबरच आहे), पण मेलपुरतं भागतं. आणि 'कन्सिडरिंग', 'रिगार्डिंग' असले शब्द सोडून द्या, ते आता शब्दयोगी अव्ययासारखे वापरतात, त्यांना कर्ता लागत नाही.

दुसरा घोळ 'ओन्ली'चा. आपला 'च' ज्या शब्दाला चिकटला त्याचाच असतो, 'दहाच पीस' म्हटलं की विषय संपला. इंग्रजीत तसं चिकटवता येत नाही, सगळा खेळ जागेचा. 'वुई ओन्ली चेक्ड टेन पीसेस' बोलताना खपतं, पण लिहिल्यावर 'नुसते चेक केले, पॅक नाही केले' असाही अर्थ निघतो, म्हणून 'चेक्ड ओन्ली टेन' लिहा. 'ऑलमोस्ट' तर पैशालाच लागतं: 'वुई ऑलमोस्ट लॉस्ट 200 पीसेस' म्हणजे थोडक्यात वाचलो, 'वुई लॉस्ट ऑलमोस्ट 200 पीसेस' म्हणजे माल गेला, क्लेम टाका.

आणि हो, 'टॉवेल्स फॉर कस्टमर्स विथ ब्लू बॉर्डर्स' लिहू नका, निळी किनार टॉवेलला आहे, गिऱ्हाइकाला नाही.