लहानग्याला शू करताना जळजळ होतेय? घरी काय करावं, कशात वेळ घालवू नये

दोन वर्षांचं मूल ‘लघवीला जळजळ होते’ असं सांगत नाही. आमची मुलगी दाराआड जाऊन पायावर पाय आवळून उभी राहायची आणि ‘शू नको, शू नको’ म्हणत रडायची. डायपरमध्ये चमचाभर लघवी, दहा मिनिटांनी पुन्हा चमचाभर. मे महिना, त्यात सोलापूरचं ऊन. सासूबाईंनी दोन शब्दांत निदान केलं, “उन्हाळी लागलीय.” धने-जिरं भिजत पडलं. ते पाणी देण्यात काही चूक नव्हती. चूक ही झाली, की त्या एका शब्दावर आम्ही दीड दिवस काढला आणि संध्याकाळी अंग तापलं तेव्हा तेही उष्णतेच्या खात्यात जमा केलं.

उन्हाळी हे लक्षणाचं नाव आहे, आजाराचं नाही. पाणी कमी पडून लघवी गडद झाली तरी जळजळतं. डायपरच्या पुरळावर लघवी लागली तरी, आणि जंतांमुळे रात्री खाजवून कातडी सोलवटली तरी. मूत्रमार्गात जंतू वाढले, म्हणजे डॉक्टर ज्याला यूटीआय म्हणतात ते झालं, तरीही मूल तसंच रडतं. फरक लघवीच्या तपासणीतच कळतो. म्हणून खालचे उपाय मुलाला आराम पडावा यासाठी आहेत, पण ते अशा बेतानं करायचे की तपासणी बिघडणार नाही आणि उशीरही होणार नाही.

१. आधी थर्मामीटर

हात लावून ‘जरा कोमट वाटतंय’ यावर थांबू नका. १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस किंवा त्याहून जास्त भरला तर तो ताप. काखेत मोजला तर आकडा थोडा कमीच येतो, हे लक्षात ठेवा. सर्दी नाही, खोकला नाही, जुलाब नाहीत आणि तरी ताप आहे, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून लघवी तपासून घ्या. दोन वर्षांखालच्या मुलांत बऱ्याचदा तापाशिवाय दुसरी खूण नसतेच. फार तर ओकाऱ्या, जेवायला नको, विनाकारण किरकिर.

काही वेळा मात्र घरी काहीच करत बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला. मूल पोटात काही ठरू देत नाही. हाक मारली तरी मलूल पडून राहतं. थंडी वाजून हुडहुडी भरते. आठ-दहा तासांत लघवीच नाही. लघवीत रक्त दिसतं. मुलग्याच्या लघवीची धार बारीक, थेंबथेंब पडते. यातलं एकही असेल तर सकाळची वाट पाहू नका.

२. लघवीचा नमुना आधी, अँटिबायोटिक नंतर

प्रत्येक घरातल्या फ्रीजच्या दारात एक अर्धी उरलेली अँटिबायोटिकची बाटली असते. आमच्याकडेही होती आणि माझा हात तिच्याकडे गेलाही होता. एक-दोन डोस पोटात गेले की लघवीतले जंतू कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघतात त्या तपासणीत, उगवतीलच असं नाही. मग जंतू कोणता आणि त्याला कोणतं औषध लागू पडेल, दोन्ही कळायची वाट बंद. पॅरासिटामॉल दिलं तर तपासणीवर काही परिणाम होत नाही. किती दिलं आणि कधी, एवढं डॉक्टरांना सांगा.

नमुना घेणं हे या सगळ्यातलं सर्वात किचकट काम. लॅबमधून किंवा औषधाच्या दुकानातून निर्जंतुक डबी आणा. घरची धुतलेली बाटली चालत नाही. शूची जागा साध्या पाण्यानं धुऊन कोरडी करा. क्रीम, तेल, पावडर काही लावू नका. मी मोरीत स्टुलावर बसले, मुलीला पाठमोरी मांडीवर घेतलं, तिचे गुडघे अलगद बाजूला केले आणि डबी उघडून तयार ठेवली. झाकणाची आतली बाजू कुठे टेकू द्यायची नाही आणि डबीच्या आत बोट लागू द्यायचं नाही. पहिली थोडी धार सोडून मधली धरायची. मुलाला ‘कर, कर’ म्हणत बसलात तर ते हमखास आवळून धरतं, त्यापेक्षा गाणं म्हणा.

लघवी येतच नसेल तर एक युक्ती आहे. थंड पाण्यात भिजवलेला गॉजचा (जखमेवर बांधतात त्या जाळीदार कापडाचा) तुकडा ओटीपोटावर, बेंबीच्या खाली, हलकेच गोल गोल फिरवायचा. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला याची रीतसर चाचणी झाली आणि ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. एक ते बारा महिन्यांच्या बाळांत पाच मिनिटांच्या आत लघवी होण्याचं प्रमाण शंभरात १२ वरून ३१ वर गेलं. आमची मुलगी त्याहून मोठी होती, तरी काम झालं. गॉजनं झालं की शेजारी सोडलेल्या नळाच्या आवाजानं, देव जाणे.

चिकटवायची पिशवी सोपी वाटते. आम्ही आधी तीच वापरली होती आणि रिपोर्टमध्ये तीन-चार प्रकारचे जंतू एकत्र उगवलेले आले, म्हणजे कातडीवरचेच. सगळं पुन्हा. पिशवीतला नमुना स्वच्छ आला तर संसर्ग बहुधा नाही एवढं कळतं, पण जंतू आले तर त्यावर भरवसा ठेवता येत नाही. मूल फार आजारी असेल तर डॉक्टर बारीक नळी घालून लघवी घेतात. मूल किंचाळतं, आपल्याला बघवत नाही, पण थोडक्या वेळाचं काम असतं. नको म्हणू नका. आणि नमुना मिळाला की तासाभरात लॅबमध्ये पोचवा. ते जमणार नसेल तर डबी पिशवीत गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीजर नव्हे.

३. दुखणं कमी करायला पॅरासिटामॉल, पण मोजून

वजनावर हिशेब करायचा: दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलाला एका वेळी जास्तीत जास्त १५० मिलिग्रॅम. इथे घोळ होतो तो बाटल्यांचा. पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅमचं सिरप असेल तर ते ६ मिलिलिटर. २५० वालं असेल तर फक्त ३ मिलिलिटर. आणि मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमचे ड्रॉप्स असतील तर अवघं दीड. तिन्हींच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात नाव तेच असतं. त्यामुळे शेजारणीनं ‘मी पाच एमएल देते’ म्हणून सांगितलं तर तिची बाटली कोणती, ते आधी बघा. घरातला चमचा वापरू नका, बाटलीसोबतचं मापाचं झाकण किंवा सिरिंज वापरा. दोन डोसांत निदान चार तासांचं, शक्यतो सहा तासांचं अंतर, आणि २४ तासांत चारच डोस. सर्दीच्या औषधातही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं, ते वेगळं चालू असेल तर बेरीज करा.

आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिडचं सिरप आपल्याकडे तापाला सहज दिलं जातं. मूल ओकतंय, पाणी पीत नाहीये, लघवीच्या संसर्गाचा संशय आहे, अशा वेळी मूत्रपिंडावर ताण नको म्हणून ते मनानं देऊ नका. ॲस्पिरिन लहान मुलाला कधीच नाही. जळजळ थांबवणारं गोड सिरप, ज्याला दुकानदार अल्कलायझर म्हणतो, तेही डॉक्टरांना विचारूनच. ते लघवीतलं आम्ल कमी करतं. काही अँटिबायोटिक्सचा जोर आम्ल लघवीत जास्त असतो, तो त्यानं कमी होऊ शकतो.

४. पाणी, घोटाघोटानं

पाण्यानं संसर्ग बरा होत नाही, पण लघवी पातळ झाली की कमी झोंबते. आणि कमी झोंबली की मूल ती दाबून धरत नाही. दहा किलोच्या मुलाला दिवसाला साधारण एक लिटर द्रव लागतं, त्यात दूध, पेज, वरणाचं पाणी सगळं आलं. तापात आणि उन्हात त्याहून थोडं जास्त. ग्लास तोंडाला लावून बळजबरी केली तर ओकतं. दर पंधरा मिनिटांनी दोन-चार घोट, खेळता खेळता.

धने-जिऱ्याचं पाणी, तांदळाची पेज, शहाळं, पातळ ताक, जे मूल आवडीनं पिईल ते द्या. औषध म्हणून नाही, पाणी म्हणून. चहा-बिस्किटाची सवय असेल तर या दिवसांत चहा बंद. कोल्ड्रिंक नाहीच. क्रॅनबेरीच्या ज्यूसचे महागडे डबे हल्ली दिसतात. झालेला संसर्ग त्यानं जात नाही, साखर मात्र भरपूर जाते. नमुना द्यायच्या आधी मात्र लोटाभर पाणी पाजू नका, लघवी फारच पातळ होते.

५. कोमट पाण्याचा टब

आमच्याकडे सगळ्यात जास्त कामाला आलेला उपाय हा. मूल दुखेल म्हणून लघवी रोखतं, रोखली की मूत्राशय तट्ट फुगतं, मग आणखी दुखतं. टबात कमरेपर्यंत येईल इतकं कोमट पाणी घ्या. कोपर बुडवून बघा, ऊन लागलं तर जास्त आहे. मुलाला त्यात बसवा, दोन वाट्या-चमचे खेळायला द्या आणि पाण्यातच शू करू द्या. घरातलं कोणी नाक मुरडेल, मुरडू द्या. पाणी ओतून टाकता येतं. पाण्यात लघवी लगेच पातळ होते आणि सोललेल्या कातडीला तेवढी झोंबत नाही. दहा मिनिटं पुरेत, मग टिपून कोरडं करा. पाण्यात डेटॉल, साबणाचा फेस, मीठ, काहीही घालू नका. मूल टबात असताना फोन घ्यायलासुद्धा उठायचं नाही.

पोट शेकायचं असेल तर इस्त्रीनं किंचित गरम केलेला टॉवेल आधी आपल्या गालाला लावून बघा, मगच ओटीपोटावर ठेवा. गरम पाण्याची पिशवी या वयात नकोच.

६. धुणं आणि कपडे

मुलीला नेहमी पुढून मागे धुवा. या संसर्गाचा नेहमीचा गुन्हेगार ई. कोलाय हा आतड्यातला जंतू आहे आणि मुलींच्या बाबतीत त्याला फार लांब जावं लागत नाही. शूच्या जागी साबण लावायची गरज नसते. मुलग्याच्या शूच्या जागेची पुढची कातडी ओढून मागे नेण्याचा प्रयत्न करू नका. घरी असताना डायपर काढा, सुती लंगोट किंवा सैल चड्डी घाला. फरशी पुसावी लागेल तेवढी. नमुना देऊन झाला असेल तर लाल झालेल्या कातडीवर खोबरेल तेलाचा पातळ हात लावा.

७. शी कधी झाली होती?

हा प्रश्न घरात कोणी विचारत नाही, डॉक्टर मात्र विचारतात. आतड्याच्या शेवटी कडक खडा अडकला असेल तर तो मूत्राशयावर दाब देतो, लघवी पूर्ण होत नाही, उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. बद्धकोष्ठता न सोडवता यूटीआयवर औषध घेतलं तर तो परत येऊ शकतो. पपई, भिजवून कुस्करलेल्या मनुका आणि अंजीर, वरणभात तुपासकट द्या. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत आणा. बाटल्याच्या बाटल्या दूध पिणारी मुलं बऱ्याचदा खडा धरतात. चार दिवसांत फरक नाही तर पोट साफ होण्याचं औषध डॉक्टरच ठरवतील. आणि मूल मोठ्यांच्या कमोडवर पाय लोंबकळत बसत असेल तर पायाखाली पाट द्या. मोरीत उकिडवं बसणारं मूल या बाबतीत सुखी. जागं असताना दर दोन-तीन तासांनी शूला न्या.

८. औषध सुरू झाल्यावर

अँटिबायोटिक पावडरच्या बाटलीत आलं असेल तर त्यात पाणी उकळून गार केलेलं, खुणेपर्यंत. हलवा, फेस खाली बसला की पुन्हा खुणेपर्यंत भरा. प्रत्येक डोसाआधी हलवा. बाटली किती दिवस टिकते ते लेबलवर असतं. डोस घेतल्यावर लगेच ओकारी झाली तर पुन्हा द्यायचा का, ते फोन करून विचारा.

जळजळ एक-दोन दिवसांत, ताप दोनेक दिवसांत उतरायला हवा. ४८ तासांनंतरही ताप चढत असेल तर परत जा. कल्चरचा रिपोर्ट साधारण दोन-तीन दिवसांनी येतो. तो आणून डॉक्टरांना दाखवा, कारण चालू औषध त्या जंतूला लागू नसेल तर बदलावं लागतं. आमची मुलगी तिसऱ्या दिवशी गच्चीवर सायकल फिरवत होती आणि बाटली निम्मी शिल्लक होती. ती निम्मी बाटली म्हणजेच फ्रीजच्या दारातली पुढची बाटली. सांगितलेले दिवस पूर्ण करा.

तापासह पहिलाच यूटीआय असेल आणि मूल दोन वर्षांखालचं असेल तर डॉक्टर बहुधा सोनोग्राफी सांगतात. काही मुलांत लघवी मूत्राशयातून उलटी मूत्रपिंडाकडे जाते, तसलं काही नाही ना, याचा तो पहिला अंदाज. रिपोर्ट फाइलला लावा आणि पहिल्या पानावर ‘यूटीआय झाला होता’ असं तारखेसह लिहा. सुट्टीत आजोळी ताप आला तर तिथल्या डॉक्टरांना हे पहिल्याच वाक्यात सांगायचं, आणि सिरप देण्याआधी डबी मागायची.