एमटीबीचे माप आणि गिअर : घाटाला लागण्याआधी या चुका टाळा

माउंटन बाइक, म्हणजे आपल्या बोलण्यातली एमटीबी, घ्यायला निघालेल्या माणसाचे तीन प्रश्न ठरलेले असतात : गिअर किती, चाक कितीचे आणि पुढे शॉकअप आहे का. या तिन्हींची उत्तरे मिळाली तरी ती सायकल आपल्या अंगाला बसेल का आणि तिच्यावरून सिंहगड किंवा पसरणीचा घाट चढता येईल का, हे जवळजवळ काहीच कळत नाही. खरे विचारायचे ते वेगळेच असते. फ्रेम आपल्याला लांब पडते की आखूड, आणि सायकलचा सर्वांत हलका गिअर नेमका किती हलका आहे, या दोन गोष्टी जमल्या की साधी सायकलही वर्षानुवर्षे आनंदाने चालते. त्या चुकल्या तर महागातली सायकलही सहा महिन्यांत बाल्कनीत कपडे वाळत घालण्याच्या कामी येते. पुढे लिहिलेल्या चुका नव्या नाहीत. त्याच त्या चुका, त्याच त्या उत्साहाने केलेल्या, पुन्हा पुन्हा पाहून कंटाळा आला म्हणून हे लिहीत आहे.

सीटची उंची जमिनीवरून ठरवणे

ही चूक सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत चिवट आहे. लहानपणी सायकल शिकवताना घरातल्या मोठ्यांनी सांगितलेले असते की सीटवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. सहा वर्षांच्या मुलासाठी तो सल्ला योग्यच असतो, पण चाळिशीतला माणूस तोच नियम एमटीबीला लावतो आणि तिथून गुडघ्याचे दुखणे सुरू होते. एमटीबीचे पायडल वाटेतल्या दगडांना लागू नये म्हणून तिच्या क्रँकचा, म्हणजे पायडल ज्या दांड्यांना लावलेले असतात त्यांचा, अक्ष मुद्दाम उंच, जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटरवर ठेवलेला असतो. अशा सायकलवर बसून तळवे जमिनीला टेकवायचे म्हटले, तर सीट इतकी खाली येते की पायडल सर्वांत खाली गेल्यावरही गुडघा पुरता वाकलेलाच राहतो आणि प्रत्येक फेरीत वाटीवर नको तेवढा दाब येतो. घाट चढताना हाच दाब कितीतरी वाढतो.

सीट जमिनीवरून नव्हे, पायडलवरून मोजायची असते. नेहमी वापरायचे बूट घालून, भिंतीला हात टेकून सीटवर बसावे, एक पायडल सर्वांत खाली न्यावे आणि त्यावर टाच ठेवावी. कंबर एका बाजूला न कलता पाय अगदी सरळ झाला पाहिजे. मग टाचेऐवजी चवडा पायडलवर आला की गुडघ्याला आपोआप थोडा वाक येतो. हा वाक २५ ते ३५ अंशांच्या दरम्यान असावा, असे सायकल अंगाच्या मापाला बसवून देणारे जाणकार धरतात. आकडे आवडणाऱ्यांसाठी दुसरी रीतही आहे. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहून जांघेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे आणि त्याला ०.८८३ ने गुणावे. येणारी संख्या म्हणजे क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर. पाय ८० सेंटिमीटरचा असेल तर हे अंतर सुमारे ७०.६ सेंटिमीटर येते. ही सुरुवात आहे, शेवटचा शब्द नव्हे. बुटाच्या तळव्याची जाडी, पायडलची जाडी आणि मांडीमागच्या स्नायूंचा ताठरपणा यांनुसार मिलिमीटर इकडेतिकडे होतातच.

आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ गुडघ्याच्या तक्रारीने सायकल विकायला निघाले होते. त्यांनी गुडघ्याला पट्टा बांधून पाहिला, सीटवर जेलचे आवरण घालून पाहिले, पायडलही बदलून पाहिले. सीटपोस्टची, म्हणजे सीटखालच्या दांड्याची, कळ मात्र घेतल्या दिवसापासून कोणी उघडलेली नव्हती. टाच ठेवून पाहिले तेव्हा सीट चांगली चार बोटे खाली निघाली. ती एकदम वर नेली नाही, कारण वर्षभर वाकलेल्या पायांना एकदम सरळ व्हायला सांगितले की गुडघ्याच्या मागची बाजू कुरकुर करते. सीटपोस्टवर विजेच्या कामाची काळी चिकटपट्टी गुंडाळून खूण करायची, दर आठवड्याला सीट पाच मिलिमीटर उचलायची आणि पट्टी तेवढीच खाली, नळीच्या काठाशी सरकवायची, ही माझी सवय आहे. त्यांनीही तेच केले आणि सायकल विकली गेली नाही. प्रत्येक दुखऱ्या गुडघ्याचे मूळ सीटमध्येच असते असे नाही, दुखणे टिकले तर डॉक्टरांकडे जावेच. पण गुडघा पुढच्या बाजूने दुखत असेल तर सीट फार खाली असण्याची आणि मागून दुखत असेल तर फार वर असण्याची शक्यता आधी तपासावी.

पाय टेकत नाहीत म्हणून घाबरणाऱ्यांना थांबायची पद्धत कोणी शिकवलेलीच नसते. थांबताना सीटवर बसून राहायचे नसते. ब्रेक दाबत खालच्या पायडलवर उभे राहायचे, सीटच्या पुढे सरकायचे आणि दुसरा पाय जमिनीवर टेकवायचा. मोकळ्या मैदानात अर्धा तास दिला तर हे जमते. पण तो अर्धा तास द्यायची तयारी नसलेली मंडळी सीट खाली करून मोकळी होतात. सीट उंच करतानाही सीटपोस्टवर कोरलेली किमान खोलीची रेघ नळीच्या आतच राहिली पाहिजे. ती बाहेर काढून चालवणाऱ्यांच्या फ्रेमची नळी तडकते, आणि ती दुरुस्त करण्यापेक्षा नवी फ्रेम घेणे बरे पडते.

वाढत्या अंगाची फ्रेम घेणे

शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घ्यावा हे ठीक, पण चौदा वर्षांच्या मुलाला ‘अजून उंची वाढेल’ म्हणून मोठ्या मापाची फ्रेम देणे हा त्याला सायकलपासून तोडण्याचा खात्रीचा मार्ग आहे. सायकल दोन्ही पायांच्या मध्ये घेऊन उभे राहिल्यावर वरच्या नळीत आणि शरीरात किमान पाच सेंटिमीटर मोकळी जागा हवी, कारण खडबडीत वाटेवर अचानक उतरावे लागते तेव्हा सावकाश पाय ठेवायला सवड मिळत नाही.

मोठ्यांची चूक वेगळी असते. ते ‘एम’ किंवा ‘एल’ हे अक्षर पाहून सायकल घेतात. एका कंपनीचे ‘एम’ दुसरीच्या ‘एल’एवढे लांब असू शकते. अक्षर सोडून द्यावे आणि कंपनीच्या तक्त्यात ‘रीच’ नावाचा आकडा पाहावा. क्रँकच्या मध्यातून उभी रेघ काढली तर तिथपासून हँडलखालच्या, फ्रेमच्या पुढच्या नळीच्या माथ्यापर्यंतचे आडवे अंतर म्हणजे रीच. उभे राहून उतार उतरताना शरीराला किती जागा मिळते ते यावर ठरते. फ्रेम लांब पडली तर दुकानदार हसत ‘स्टेम बदलून देतो’ म्हणतात. स्टेम म्हणजे हँडल फ्रेमच्या पुढच्या टोकाला जोडणारा आखूड दांडा. ९० मिलिमीटरचा स्टेम काढून ६० चा लावला तर हात तीन सेंटिमीटर जवळ येतात हे खरे, पण चुकलेल्या मापावर तो उपाय नव्हे. शिवाय हँडल वळण्याची तऱ्हाही बदलते. सीट पुढे सरकवून लांबी कमी करणे तर त्याहून वाईट, कारण सीटची जागा पायांसाठी ठरलेली असते, हातांसाठी नव्हे.

हाताला मुंग्या येत असतील तर महागडे हातमोजे घेण्याआधी सीटचे नाक खाली झुकलेले आहे का ते पाहावे. बहुधा असते.

गिअर मोजणे, दात न मोजणे

‘एकवीस गिअर’ या शब्दांनी जेवढी दिशाभूल केली आहे तेवढी कोणत्याही जाहिरातीने केली नसेल. दोन सायकली घ्या, दोन्हींना पुढे पायडलपाशी तीन आणि मागे चाकाला सात दातेरी चकत्या, म्हणजे तीन गुणिले सात, एकवीस गिअर. पहिलीला पुढे ४८-३८-२८ आणि मागे १४ ते २८ दात. दुसरीला पुढे ४२-३४-२४ आणि मागे १४ ते ३४. पहिलीचा सर्वांत हलका गिअर २८ भागिले २८, म्हणजे १. पायडलची एक फेरी झाली की चाकाचीही एक फेरी होते आणि २६ इंची सायकल दोन मीटरहून थोडी जास्त पुढे जाते. दुसरीचा सर्वांत हलका गिअर २४ भागिले ३४, म्हणजे ०.७१, तेवढ्याच फेरीत ती दीड मीटरही जात नाही. सपाट रस्त्यावर या फरकाकडे कोणी ढुंकूनही पाहणार नाही. घाटात मात्र एक जण बसून चढतो आणि दुसरा सायकल ढकलतो.

याचे सर्वांत चांगले उदाहरण आमच्या कार्यालयातल्या एका तरुण अभियंत्याचे आहे. त्याने २७.५ इंची, पुढे एकच ३८ दातांची चेनरिंग (पुढची चकती) आणि मागे १४ ते २८ चे सात गिअर असलेली सायकल घेतली. दुकानात त्याला सांगितले गेले की पुढे एकच चेनरिंग ही नवी पद्धत आहे. ती नवी आहे हे खरे, पण आजच्या चांगल्या एमटीबींना पुढे ३२ ची एक चेनरिंग असली तरी मागे ५० किंवा ५१ दातांपर्यंतची बारा चकत्यांची कॅसेट असते आणि सर्वांत हलका गिअर ०.६३ च्या आसपास येतो. याच्याकडे तो १.३६ होता.

सिंहगडाचा रस्ता पायथ्यापासून वरच्या वाहनतळापर्यंत सुमारे ९ किलोमीटरचा आणि चढ ६०० मीटरच्या आसपासचा, म्हणजे सरासरी ७ टक्के. काही वळणांवर त्याहून कितीतरी खडा. या मुलाला मिनिटाला ६० फेऱ्या मारायच्या तर सर्वांत हलक्या गिअरमध्येही ताशी साडेदहा किलोमीटरचा वेग ठेवावा लागणार. सायकल आणि स्वार मिळून ८५ किलो धरले तर ७ टक्के चढावर त्यासाठी २०० वॅटच्या आसपास शक्ती सतत लागते. नव्या माणसाकडे ती नसते. मग फेऱ्या ४० वर, ३० वर येतात, तो पायडलवर उभा राहतो, हँडल ओढतो आणि पुढच्या वळणावर उतरतो. त्याने याचा अर्थ ‘आपला स्टॅमिना कमी’ असा लावला. जिम लावली, प्रोटीनचे डबे आणले आणि शेवटी वजन कमी व्हावे म्हणून कार्बनचे हँडलही मागवायला निघाला. चकत्यांवरचे दात मोजायचे मात्र त्याला कोणी सुचवले नव्हते.

उपाय साधा निघाला. मागे १४ ते ३४ चे फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, आणि पुढे ३२ ची चेनरिंग. चेनरिंग बोल्टने बसवलेली होती हे नशीब. रिबिट मारलेली असती तर अख्खा क्रँक बदलावा लागला असता. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, ३४ दात सांभाळतो का ते आधी तपासले. चेन मात्र तीच चालली, कारण पुढच्या आणि मागच्या मोठ्या चकतीच्या दातांची बेरीज बदलली नाही : ३८ आणि २८ मिळून ६६, तसेच ३२ आणि ३४ मिळूनही ६६. जुने फ्रीव्हील निघेना. पायडल मारून मारून ते आट्यांवर आवळत गेलेले असते. मेकॅनिकने फ्रीव्हीलचा पाना व्हाइसमध्ये उभा पकडला, चाक त्यावर पालथे बसवले आणि टायर दोन्ही हातांनी धरून चाकच उलटे फिरवले, तेव्हा कुठे ते ‘कट’ असा आवाज करून सुटले. नवा सर्वांत हलका गिअर ०.९४ झाला. त्याच ६० फेऱ्यांना आता ताशी सव्वासात किलोमीटर आणि १४० वॅटच्या आसपास शक्ती पुरते. तो सिंहगड न उतरता चढला. महामार्गावर सायकल पूर्वीइतकी पळत नाही अशी त्याची आता तक्रार आहे. मी ती ऐकून घेतो. ताशी ३० ने महामार्गावर पळायचे असेल त्याने एमटीबी घेऊच नये.

सायकल घेण्याआधी पुढच्या सर्वांत लहान आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीचे दात मोजावेत. भागाकार १ च्या वर आला तर सह्याद्रीतल्या घाटासाठी ती सायकल नव्याने सुरुवात करणाऱ्याने घेऊ नये. ०.७ च्या खाली आला तर डोळे मिटून घ्यावी, फ्रेमचे माप पाहून अर्थात.

काही किरकोळ, पण रोजच्या चुका

टायरच्या कडेवर ‘कमाल ६५ पीएसआय’ (पीएसआय हे हवेच्या दाबाचे एकक) लिहिलेले असते आणि लोक तेवढीच हवा भरतात. तो आकडा कमाल मर्यादेचा आहे, शिफारशीचा नव्हे. ७० किलोच्या माणसाला, ट्यूब असलेल्या २.२ इंची टायरला कच्च्या वाटेवर ३० ते ३५ पुरते.

पुढची मोठी चकती आणि मागचीही मोठी चकती एकाच वेळी वापरू नये. चेन तिरपी आणि ताणलेली धावते. चढ सुरू झाल्यावर, पूर्ण जोर लावलेला असताना गिअर बदलू नये. चढ दिसला की बदलावा.

ब्रेकच्या मुठी आडव्या असतील तर मनगट मोडल्यासारखे वाकते. त्या थोड्या खाली झुकवाव्यात. आपल्याकडे पुढचा ब्रेक सहसा उजव्या हाताला असतो. परदेशातून आणलेल्या सायकलीवर तो डाव्या हाताला असू शकतो, हे पहिल्याच उतारावर कळू नये.

गिअर खडखडायला लागला की लोक व्हिडिओ पाहून डिरेलरवरचे ‘एच’ आणि ‘एल’ लिहिलेले स्क्रू फिरवतात. हे स्क्रू चेनने दोन्ही टोकांना कुठवर जायचे त्याची हद्द ठरवतात. मधल्या गिअरच्या खडखडाटाशी त्यांचा संबंध नसतो. ‘एल’ सैल झाला तर चेन सर्वांत मोठ्या चकतीवरून उडून स्पोकमध्ये जाते आणि चढावर जोर लावलेला असताना डिरेलर मोडतो. खडखडाट बहुतेक वेळा केबल ताणली गेल्याने येतो आणि डिरेलरजवळच्या किंवा शिफ्टरजवळच्या (हँडलवरच्या गिअर बदलायच्या कळीजवळच्या) फिरकीला अर्धा आटा दिला की थांबतो. तेवढ्याने थांबला नाही, तर सायकल अलीकडे उजव्या बाजूवर पडली होती का, किंवा गाडीच्या डिकीत त्या बाजूवर आडवी घातली होती का, ते आठवावे. डिरेलर ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर लटकतो तो हँगर वाकलेला असतो, आणि तो सरळ होईपर्यंत जगातला कोणताही स्क्रू फिरवून गिअर जागेवर येत नाहीत. वाकडेपणा मागून पाहिल्यावर दिसतो : डिरेलरचा पिंजरा चकत्यांना समांतर नसतो, आत कललेला असतो. प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा असतो आणि मॉडेल बंद झाले की तो मिळेनासा होतो, म्हणून सायकल घेतानाच एक जादा हँगर मागून घ्यावा आणि सीटखालच्या पिशवीत टाकून ठेवावा.