एन्क्रिप्टेड ड्राइव्हवरून फाइल हलवताना येणारा तो मेसेज: डेस्कटॉप सपोर्टमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

ही तक्रार तुमच्याकडे येणार, हे धरूनच चाला. युझर पासवर्ड टाकून एन्क्रिप्टेड ड्राइव्ह उघडतो, स्वतःचीच बॅलन्स शीट डेस्कटॉपवर ओढतो आणि विंडोज विचारतं, ‘या फाइल्स घातक असू शकतात, तरी घ्यायच्या का?’ दर वेळी.

या प्रकाराने मला फार छळलं, कारण ज्याला विचारावं तो व्हायरस नाहीतर एन्क्रिप्शनवर बोलायचा. दोन्हींचा इथे संबंध नाही. विंडोज इथे फाइलच्या आत डोकावत नाही, फक्त पत्ता बघतं. बिटलॉकरने (विंडोजचं स्वतःचं ड्राइव्ह एन्क्रिप्शन) लॉक केलेला पेनड्राइव्ह एकदा अनलॉक केला की ती साधी लोकल डिस्क. तिथे हा त्रास नाही. पण एनएएसवरचं (नेटवर्कवर सगळ्यांसाठी ठेवलेली स्टोरेज पेटी) एन्क्रिप्टेड फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेलं असेल, किंवा क्रिप्टोमेटर या एन्क्रिप्शन सॉफ्टवेअरने आपला व्हॉल्ट, म्हणजे कुलूपबंद फोल्डर, नेटवर्क ड्राइव्हसारखा दाखवला असेल, तर विंडोज ठरवतं: पत्ता ऑफिसातला की बाहेरचा? त्याची परीक्षा फार ढोबळ आहे. सर्व्हरच्या नावात डॉट दिसला की बाहेरचा. म्हणजे 192.168.1.20 असा आयपी देऊन जोडलेला एनएएस त्याच खोलीत असला तरी इंटरनेट झोनमध्ये, म्हणजे विंडोजच्या ‘बाहेरचे पत्ते’ या गटात जातो. तोच बिनडॉटच्या नावाने जोडला की बहुतेक वेळा मेसेज थांबतो. युझरला दोन्हीकडे ‘झेड’च दिसतो, तिथेच आपण फसतो. म्हणून आधी कमांड प्रॉम्प्टवर ‘नेट यूज’ (net use, जोडलेल्या नेटवर्क ड्राइव्हचे खरे पत्ते दाखवणारी कमांड) चालवा आणि झेडच्या मागे काय आहे ते वाचा. खरंच, आधी हेच.

नाव बदलता येत नसेल तर इंटरनेट ऑप्शन्स, सिक्युरिटी, लोकल इंट्रानेट, साइट्स, ॲडव्हान्स्ड असं जाऊन तेवढा एक पत्ता टाका. हे झोन मूळचे इंटरनेट एक्सप्लोररचे; तो 2022 मध्ये निवृत्त झाला, पण झोन विंडोज 11 मध्येही चालू आहेत. ऑक्टोबर 2025 च्या अपडेटनंतर तर इंटरनेट झोनमधल्या नेटवर्क फोल्डरवरच्या फाइल्सचा प्रिव्ह्यूही बंद झालाय; तेही याच दुरुस्तीने सुटतं.

व्हिडिओंमध्ये सांगतात तसं अख्ख्या इंटरनेट झोनमध्ये ‘अनसेफ फाइल्स’ची सेटिंग एनेबल करू नका. कुणी सीनियर ‘कर एनेबल, तिकीट क्लोज कर’ म्हणाला तरी नाही. मेसेज जातो, पण उद्या खरोखर बाहेरून आलेल्या फाइलवरही तो येणार नाही. तिकिटं झटपट मिटवणाऱ्यापेक्षा ‘नेट यूज’ वाचायला लावणारा सीनियर शोधा, तोच शिकवतो.

ईएफएसने (विंडोजचं एकेका फाइलचं एन्क्रिप्शन) एन्क्रिप्ट केलेली फाइल ते एन्क्रिप्शन न चालणाऱ्या ठिकाणी टाकताना ‘एन्क्रिप्शनशिवाय कॉपी करायची का?’ असं विचारलं जातं, ते मात्र वेगळं प्रकरण. तो इशारा खरा आहे. तिथे थांबा आणि युझरला विचारा.

साइट्सचं बटण करडं दिसलं तर घाबरू नका, तुमचं काही चुकलेलं नाही. झोन ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे ॲडमिनने सगळ्या मशीनना एकदम दिलेल्या सेटिंग्जमधून लावलेत. ॲडमिनला ‘साइट टू झोन असाइनमेंट लिस्ट’मध्ये सर्व्हरचं नाव आणि त्यापुढे 1 टाकायला सांगा, 1 म्हणजे इंट्रानेट.