परदेशातल्या मंडळात डायबेटिस टाळायचा ग्रुप कसा सुरू करायचा

हे इंग्लंडमधल्या आपल्या लोकांसाठी लिहितेय. ग्रुप काढायचा तर फक्त जाड दिसणाऱ्यांना बोलवू नका. आपल्याला गोऱ्यांपेक्षा कमी वजनातच आणि लवकर शुगर होते, म्हणून आपल्यासाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २३ पासूनच जोखीम वाढली असं इथे धरतात, २७.५ ला तर ती जास्तच. कंबरही मोजा, पुरुषांची ९० सेंमी आणि बायकांची ८० सेंमी ही मर्यादा. पण पँटचा नंबर सांगू नका हं, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड याच्या मधोमध टेप लावायची, श्वास सोडायचा, पोट आत ओढायचं नाही.

मग जीपीकडून, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडून, एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या. ४२ ते ४७ आलं की प्रीडायबेटिस, म्हणजे डायबेटिसच्या आधीची पायरी (भारतातल्या रिपोर्टमध्ये हेच साधारण ६ ते ६.४ टक्के दिसतं). तेवढं आलं तर एनएचएसच्या (इथली सरकारी आरोग्यसेवा) 'हेल्दियर यू' या डायबेटिस टाळायच्या प्रोग्रॅमबद्दल लगेच विचारा, फुकट आहे. मंडळाचा ग्रुप त्याच्या जोडीला, त्याच्याऐवजी नाही.

टार्गेट अमेरिकेतल्या २००२ च्या मोठ्या ट्रायलचंच ठेवा, वजन ७ टक्के कमी आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम. तिथे डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, चेन्नईच्या ट्रायलमध्ये साधारण २८ टक्क्यांनी. स्कॉटलंडमध्ये तर भारतीय आणि पाकिस्तानी घरांत डाएटिशियन स्वतः घरी जायच्या, तीन वर्षं, आणि घरच्यांनाही सोबत घ्यायच्या. त्यांचं वजन सरासरी किलोभर उतरलं, ज्यांच्याकडे कमी वेळा गेल्या त्यांचं अर्धा किलो वाढलं. आकडा छोटा आहे, पण घरच्यांना सोबत घ्यायची पद्धत मला सगळ्यात पटते, कारण शुगर नवऱ्याची आणि फोडणी बायकोच्या किंवा सासूबाईंच्या हातात असेल तर एकट्या नवऱ्याला लेक्चर देऊन काय होणार?

म्हणून पहिल्या मीटिंगला जो कोणी स्वयंपाक करतो त्याला आणायचंच. पहिला गृहपाठ तेलाचा. नवी बाटली फोडली की तिच्यावर मार्करने तारीख टाका, संपली की दिवस मोजा आणि बाटलीतलं तेल त्या दिवसांनी आणि घरातल्या माणसांनी भागा. दिवसाला माणशी तीन छोटे चमचे, म्हणजे महिन्याला अर्धा लिटरच्या आसपास, इथपर्यंत हळूहळू आणायचं. पोळी बंद करा असं कोणालाही सांगू नका, लोक दुसऱ्या आठवड्याला यायचे बंद होतात. अर्धं ताट भाजी-कोशिंबीर, पाव ताट उसळ, घट्ट वरण, अंडं किंवा मासे, आणि उरलेल्या पावात पोळी नाहीतर भात, आणि बटाट्याची भाजी ही भाजीत धरायची नाही, ती भाताच्या बाजूला.

उपवास सोडायला लावू नका, साबुदाणा कमी करायला सांगा, तो जवळजवळ नुसता स्टार्च आहे, त्याऐवजी थोडी भगर, दाणे, दही, काकडी. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करूच नये. गणपतीच्या पॉटलकला शीट आधीच फिरवा, गोड एकच, कोशिंबिरी दोन.

व्यायामाचं म्हणाल तर डिसेंबरात चारला अंधार होतो, चालायला जा म्हणून कोणी जात नाही. हॉल घ्या, लेझीम लावा, ढोलाची प्रॅक्टिस, बॅडमिंटन, काहीही, बोलता येईल पण गाता येणार नाही इतका दम लागला पाहिजे. बायकांची वेगळी बॅच ठेवा, मुलांना तिथेच खेळू द्या, नाहीतर आया येऊच शकत नाहीत.

वजन एकेकाचं बाजूला घ्या, व्हॉट्सॲपवर कोणाचाही आकडा टाकायचा नाही, मंडळात चर्चा झाली की माणूस परत येत नाही. पहिले चार महिने दर आठवड्याला भेटा, मग महिन्यातून एकदा, आणि वर्षाने सगळ्यांची एचबीएवनसी परत.