रेटिनॉल वापरताना त्वचा कशी सांभाळावी

रेटिनॉल हे जीवनसत्त्व 'अ'चेच एक रूप असून, त्वचेत मुरल्यावर त्याचे हळूहळू रेटिनॉइक आम्लात रूपांतर होते. त्याने जुन्या पेशी जाऊन नव्या येण्याचा वेग वाढतो, रंध्रे तुंबण्याचे प्रमाण घटते आणि कोलॅजेनला, म्हणजे त्वचेला घट्टपणा देणाऱ्या प्रथिनाला, चालना मिळते. हा फायदा दिसायला किमान तीन महिने लागतात. कोरडेपणा, लाली आणि सालपटे निघणे मात्र पहिल्या काही आठवड्यांतच सुरू होते. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर जळजळ शमल्यानंतरही काळसर डाग उरतात आणि ते फिकट व्हायला कित्येक महिने जातात, म्हणून आपल्याकडे "थोडे सोसले की सवय होईल" हा सल्ला मला धोक्याचा वाटतो.

सुरुवात ०.१ ते ०.३ टक्के रेटिनॉलने करावी. (युरोपीय संघाने २०२४ मध्ये चेहऱ्यावरील उत्पादनांसाठी ०.३ टक्के हीच कमाल मर्यादा ठरवली आहे.) आठवड्यातून दोनच रात्री, सौम्य फेसवॉशने चेहरा धुऊन तो पूर्ण कोरडा झाल्यावर, मटारच्या दाण्याएवढे क्रीम कपाळ, दोन्ही गाल आणि हनुवटीवर ठिपक्यांनी ठेवून पातळ पसरावे. नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांचे कोपरे सर्वांत आधी सोलवटतात. तिथे आधीच पेट्रोलियम जेली लावावी आणि पापण्या टाळाव्यात. त्वचा नाजूक असल्यास आधी मॉइश्चरायझर, मग रेटिनॉल, पुन्हा मॉइश्चरायझर असा क्रम ठेवावा. दोन-तीन आठवडे त्रास झाला नाही, तरच एक दिवसाआड लावावे. सकाळी किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन हवेच. ते जमणार नसेल तर रेटिनॉल सुरूच करू नये.

किंचित कोरडेपणा किंवा बारीक पापुद्रे निघाल्यास दोन वापरांतले अंतर वाढवणे पुरते. परंतु एरवी मानवणारे मॉइश्चरायझरही चरचरू लागले, तर त्वचेचे संरक्षक आवरण दुखावले आहे असे समजून रेटिनॉल लगेच थांबवावे. त्या काळात सौम्य फेसवॉश, सुगंधविरहित मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढेच वापरावे. ग्लायकॉलिक किंवा सॅलिसिलिक आम्ल, 'क' जीवनसत्त्वाचे सिरम, लिंबू, बेसनाचे उटणे, मुलतानी माती आणि स्क्रब दूर ठेवावेत. सुटणारी साल नखाने ओढू नये, कारण डाग नेमके तिथेच पडतात. चेहरा पूर्ण शांत झाल्यावर आठवड्यातून एका रात्रीपासून पुन्हा सुरुवात करावी. सूज, फोड, लस येणे किंवा न थांबणारी खाज असल्यास मात्र त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

जळजळ थांबावी म्हणून औषधाच्या दुकानातून मनाने एखादी "गोरे करणारी" ट्यूब आणणे हे सर्वांत वाईट. अशा अनेक मिश्रणांत स्टिरॉइड असते, ज्याने लाली झटकन दबते, पण दीर्घ वापराने त्वचा पातळ होते आणि ट्यूब सोडताच चेहरा भडकतो. शिवाय त्यांत बहुधा ट्रेटिनॉइन, म्हणजे रेटिनॉलचाच अधिक तीव्र भाऊबंद, मिसळलेला असतो.

वरच्या ओठाचे थ्रेडिंग, वॅक्सिंग किंवा ब्लीच करायचे असल्यास आठवडाभर आधी रेटिनॉल बंद ठेवावे, नाहीतर धाग्याबरोबर कातडीही सोलली जाते. गर्भवती असलेल्या किंवा गर्भधारणेचा विचार करत असलेल्या स्त्रियांनी ते वापरू नये, आणि स्तनपानाच्या काळात डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.